पोलादाला कोणते पाणी पाजावे?

आठवड्याच्या बाजारात विळा घेताना जाणते शेतकरी दोन गोष्टी करतात. अंगठ्याने धार चाचपतात आणि लोहाराला विचारतात, "पाणी नीट पाजलंय ना?" पाणी न पाजलेला विळा चार पेंढ्या कापल्यावर बोथट होतो. जास्त पाणी झालेल्या विळ्याची धार दगडावर आपटली की तिचा टवका उडतो. वाक्प्रचार इतका सवयीचा आहे की लोखंड पाणी पिते म्हणजे नेमके काय करते, हा प्रश्न सहसा आपल्या मनात येत नाही.

आमच्या मनात तो आला एका फसलेल्या प्रयोगामुळे. धातूंच्या अभ्यासात बरीच वर्षे घालवल्यावर एकदा आम्हाला स्वतःच्या हाताने एक सुरी घडवावी असे वाटले. झिजलेली जुनी कानस घेतली, ती कोळशाच्या शेगडीत तापवून हळूहळू निवू दिली, मऊ झाल्यावर घासून तिला सुरीचा आकार दिला. मग ती पुन्हा तापवली. कमी पडायला नको म्हणून चांगली पिवळसर होईपर्यंत तापवली आणि बादलीतल्या थंड पाण्यात बुडवली. चर्रर्र आवाज झाला, वाफ उठली. पाते इतके टणक झाले की दुसरी कानस त्यावरून नुसती घसरत होती. आमचा आनंद पाच मिनिटे टिकला. सुरी हातातून फरशीवर पडली आणि काचेसारखे तिचे दोन तुकडे झाले. तुटलेल्या जागी जाड्या मिठासारखे चमकदार दाणे दिसत होते.

आम्ही दोन चुका केल्या होत्या आणि दोन्ही चुका पुस्तकातून आम्हाला चांगल्या ठाऊक होत्या. त्या टाळण्याची रीत माणसाला कशी सापडली याचा शोध घेऊ लागलो, तेव्हा एक मोठा आणि मनोरंजक इतिहास हाती आला. परंपरेने आलेल्या ज्ञानातले मोलाचे काय आणि नुसते चिकटलेले काय, हे कसे ओळखायचे, असा प्रश्न या इतिहासाच्या मुळाशी आहे. शिक्षकांपुढे तो रोजच उभा असतो.

शस्त्रांचे 'पान'

पाणी पाजण्याची कल्पना मराठीने नव्याने काढलेली नाही. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या 'बृहत्संहिते'त तलवारीच्या लक्षणांवर एक अध्याय आहे. त्यात 'शस्त्रपान' म्हणजे शस्त्राला काय पाजावे याची माहिती येते. ज्याला ऐश्वर्य हवे त्याने रक्त पाजावे, ज्याला गुणवान पुत्र हवा त्याने तूप पाजावे, अक्षय धन हवे त्याने पाणी पाजावे. पुढे घोडी, उंटीण, हत्तीण यांच्या दुधाचाही उल्लेख येतो.

एवढे वाचून आजचा वाचक पुस्तक मिटून ठेवील. पण त्याच अध्यायात लगेच पुढे वेगळ्या जातीच्या कृती आहेत. रुईचा चीक, मेंढ्याच्या शिंगाची मशी, कबुतराची व उंदराची विष्ठा यांचा लेप तेल लावलेल्या शस्त्राला द्यावा. किंवा केळीचा क्षार ताकात मिसळून एक दिवस ठेवावा आणि तो शस्त्राला पाजावा. अशा शस्त्राला नीट धार लावली तर ते दगडावर आपटूनही मोडत नाही आणि दुसऱ्या लोखंडावर मारले तरी बोथट होत नाही. इथे पुत्र नाही, धन नाही. पाते मोडते की नाही आणि बोथट होते की नाही, एवढेच पाहिले आहे. ही कसोटी कोणालाही लावून बघता येईल अशी आहे.

दुसरा ग्रंथ वैद्यकाचा आहे. 'सुश्रुतसंहिता' आज ज्या रूपात मिळते ते अनेक शतकांच्या भरीतून तयार झालेले आहे. तिच्या सूत्रस्थानाच्या आठव्या अध्यायात शल्यकर्माच्या शस्त्रांना पाजण्याचे तीन प्रकार सांगितले आहेत: क्षारात, पाण्यात आणि तेलात. शरीरात रुतलेला बाण किंवा हाड कापायचे शस्त्र क्षारात पाजलेले असावे. मांस कापण्या-फाडण्याचे शस्त्र पाण्यात, आणि शीर टोचण्याचे किंवा स्नायू कापण्याचे शस्त्र तेलात पाजलेले असावे. इथली वर्गवारी शस्त्राच्या कामावरून केलेली आहे. वराहमिहिराच्या पहिल्या यादीत ती मालकाच्या इच्छेवरून केलेली होती. हा फरक लक्षात ठेवू. त्याकडे पुन्हा वळायचे आहे.

बकरा, गांडुळे आणि लाल केसांचा मुलगा

युरोपातही हीच सरमिसळ दिसते. होमरच्या 'ओडिसी'त एकाक्ष राक्षसाचा डोळा जाळण्याच्या प्रसंगी लोहार तापलेली कुऱ्हाड थंड पाण्यात बुडवतो त्या वेळच्या आवाजाची उपमा येते आणि लोखंडाला त्यातूनच बळ मिळते असेही कवी सांगतो. म्हणजे सुमारे पावणेतीन हजार वर्षांपूर्वीच्या श्रोत्यांना हे दृश्य ओळखीचे होते.

पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनी म्हणतो की लोखंडाच्या गुणांतला मोठा फरक पाण्यामुळे पडतो. स्पेनमधली बिल्बिलिस आणि तुरियासो, इटलीतले कोमुम ही गावे लोखंडाच्या खाणी नसतानाही केवळ पाण्यामुळे प्रसिद्ध झाली, असे त्याचे मत होते. पण तोच प्लिनी आणखी एक गोष्ट नोंदवतो: नाजूक हत्यारे तेलात विझवतात, कारण पाण्याने ती ठिसूळ होतात. सुश्रुताची तेलात पाजलेली शिरा टोचण्याची शस्त्रे आठवा. प्लिनी रोमचा आणि सुश्रुतसंहिता भारतातली, पण दोन्हीकडच्या कारागिरांनी बारीक हत्याराबाबत एकच गोष्ट ओळखली होती.

बाराव्या शतकात थिओफिलस या नावाने लिहिणाऱ्या एका ख्रिस्ती साधूने कारागिरीवर ग्रंथ लिहिला. कानशीला टणक करण्यासाठी तो बैलाचे शिंग जाळून त्यात मीठ मिसळायला सांगतो. ही पूड तापलेल्या कानशीवर भुरभुरायची. शिंगाची मशी इथेही आली! पुढे तो बकऱ्याला नेचे खायला घालून त्याचे मूत्र वापरायला सांगतो; आणि लाल केसांच्या लहान मुलाच्या मूत्रात हत्यार साध्या पाण्यापेक्षा जास्त टणक होते असेही सांगतो. 1532 साली जर्मन भाषेत पोलाद आणि लोखंड यांवर एक छोटी पुस्तिका छापली गेली. तिच्यात वनस्पतींचे रस आणि गांडुळांचे पाणी यांच्या कृती आहेत. 1589 साली इटलीतल्या देल्ला पोर्ताने आपल्या मोठ्या ग्रंथाचा एक संपूर्ण भाग पोलादाला पाणी देण्यासाठी राखून ठेवला. पाते तापताना त्यावर जे रंग उमटतात त्यांच्याकडेही त्याचे लक्ष होते.

या कृतींना हसणे सोपे आहे. पण मूत्रात क्षार असतात आणि क्षार विरघळलेले पाणी साध्या पाण्यापेक्षा लवकर थंड करते, ही गोष्ट खरी आहे. लाल केस मात्र निरुपयोगी आहेत. कारागिराला परिणाम दिसत होता. त्याच्याजवळ वजाबाकीची रीत नव्हती. कृतीतली एकेक गोष्ट वगळून बघितल्याशिवाय कोणती कामाची आणि कोणती बिनकामाची हे कळत नाही. शिवाय प्रत्येक फसलेल्या पात्याची किंमत पोटाला चिमटा काढून द्यावी लागे. चालते आहे ती रीत जशीच्या तशी चालू ठेवण्यात शहाणपण होते.

गुण पाण्यात की लोखंडात?

अठराव्या शतकात प्रश्नाची मांडणीच बदलली. फ्रान्समध्ये रेओम्यूरने 1722 साली घडीव लोखंडापासून पोलाद करण्यावर ग्रंथ लिहिला. पोलाद तोडून तुटलेल्या भागातले दाणे तो बारकाईने बघे. भट्टीत लोखंडात काहीतरी 'क्षार आणि गंधक' शिरतात असे त्याला वाटले. तर्क चुकला, पण लोखंडात काहीतरी शिरते हा धागा बरोबर होता. 1781 साली स्वीडनच्या बर्गमनने लोखंडाचे निरनिराळे प्रकार आम्लात विरघळवले, तेव्हा तळाशी काळा गाळ राहिला: बिडात सर्वांत जास्त, पोलादात त्याहून कमी, घडीव लोखंडात सर्वांत कमी. 1786 साली व्हांदेरमोंद, बेर्तोले आणि मोंज या तीन फ्रेंच शास्त्रज्ञांनी हा गाळ कार्बन असल्याचे स्पष्ट केले. पोलाद म्हणजे थोडा कार्बन असलेले लोखंड. हा 'थोडा' म्हणजे किती थोडा? सुरीच्या पोलादात शेकडा एकाच्या आसपास.

याच सुमारास या इतिहासात मुंबई येते. ईस्ट इंडिया कंपनीचे मुंबईतले एक डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी 1794 साली लंडनला जोसेफ बँक्स यांच्याकडे दख्खनी पोलादाचे नमुने पाठवले. हेच 'वुट्झ', म्हणजे कानडी-तेलुगूतले 'उक्कू', मुशीत तयार केलेले पोलाद. इथे माहीत असलेल्या कोणत्याही पोलादापेक्षा हे अधिक टणक होते, पण अगदी मंद लाल रंगापलीकडे तापवले तर बिघडते, असे स्कॉट यांनी कळवले. जॉर्ज पिअर्सन यांचा त्यावरचा निबंध 1795 साली रॉयल सोसायटीपुढे आला आणि पुढे स्टोडार्ट व तरुण मायकेल फॅरडे यांनी त्यावर प्रयोग केले. 1820 साली ते प्रसिद्ध झाले. वुट्झमध्ये कार्बन शेकडा दीडच्या आसपास असतो, म्हणून त्याला जास्त ताप सोसत नाही. लंडनच्या विद्वानांपुढे कोडे म्हणून आलेली ही मर्यादा दख्खनचे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या नुसत्या रंगावरून सांभाळत होते.

तोफा, रंग आणि सूक्ष्मदर्शक

कार्बन सापडला तरी पाण्याचे कोडे सुटले नव्हते. पाणी पाजण्यापूर्वी आणि नंतर कार्बन तेवढाच असतो. मग बदलते काय?

पहिला धागा रशियात मिळाला. पीटर्सबर्गजवळच्या ओबुखोव कारखान्यात पोलादी तोफा बनत आणि त्यांतल्या काही फुटत. तिथल्या दिमित्री चेर्नोवने 1868 साली आपले निष्कर्ष मांडले. पोलाद एका ठरावीक उष्णतेपर्यंत पोचले नसेल तर कितीही थंड पाण्यात कितीही झटकन बुडवा, ते टणक होत नाही. या पायरीला त्याने 'अ' म्हटले. त्याच्या वरची 'ब' ही पायरी दाण्यांशी संबंधित होती: पोलाद बेसुमार तापवले की आतले दाणे मोठे होतात आणि वस्तू ठिसूळ होते. एवढी उष्णता मोजणारे सोयीचे साधन तेव्हा हाती नव्हते. चेर्नोवने हे सारे तापलेल्या धातूचा रंग डोळ्यांनी पाहून ठरवले. लोहाराची नजर तीच. त्याने फक्त तिला नोंदवहीची जोड दिली.

दुसरा धागा इंग्लंडमधल्या शेफील्डचा. हेन्री सॉर्बीने 1863-64 च्या सुमारास पोलादाचा पृष्ठभाग आरशासारखा घासून त्यावर सौम्य आम्ल लावले आणि तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. एकजिनसी वाटणाऱ्या धातूत वेगवेगळे घटक दिसले. हळूहळू निवलेल्या पोलादात मोत्याच्या शिंपल्यासारखी झळाळी असलेला एक घटक होता. त्यालाच पुढे 'पर्लाइट' नाव मिळाले. 1880 च्या दशकात ल शातेलिएने प्लॅटिनमच्या तारांचा भरवशाचा उष्णतामापक केला आणि ऑस्माँने त्याच्या साहाय्याने चेर्नोवच्या पायऱ्या आकड्यांत बसवल्या. पाणी पाजलेल्या पोलादात सुयांसारखी रचना दिसे. तिला 1895 साली ऑस्माँने बर्लिनच्या आडोल्फ मार्टेन्सच्या नावावरून 'मार्टेन्साइट' असे नाव दिले.

आत काय घडते

आता चित्र असे आहे. साध्या तापमानाला लोखंडाचे अणू ज्या रचनेत बसलेले असतात त्या रचनेत कार्बनला जवळजवळ जागा नसते. सुरीचे पोलाद 727 अंश सेल्सियसच्या वर गेले की अणूंची रचना बदलते आणि नव्या रचनेत कार्बन सामावतो. मीठ गरम पाण्यात विरघळावे तसा तो घन लोखंडात विरघळतो. हीच चेर्नोवची 'अ' पायरी.

आता हे पोलाद हळूहळू निवू दिले तर लोखंड जुन्या रचनेत परतते आणि कार्बनला बाहेर पडायला सवड मिळते. लोखंड आणि आयर्न कार्बाइड यांचे एकाआड एक पातळ थर तयार होतात. तेच पर्लाइट, आणि ते बरेच मऊ असते. पण पोलाद एकदम थंड केले तर कार्बनला निघून जायला वेळ मिळत नाही. लोखंड परतू पाहते आणि कार्बन मध्येच अडकून बसतो. अणूंची रचना ताणली जाते, धातूचे थर एकमेकांवरून घसरू शकत नाहीत. हे मार्टेन्साइट. 1926 साली फिंक आणि कॅम्पबेल यांनी क्ष-किरणांनी ही ताणलेली रचना दाखवली. ती जागाही जास्त व्यापते, म्हणून जाड पाते पाण्यात तडकते.

किती वेगाने थंड करावे? 1930 साली डेव्हनपोर्ट आणि बेन यांनी याचे उत्तर वेळेच्या हिशोबात दिले. साध्या कार्बनी पोलादात 550 अंशांच्या आसपास कार्बन सर्वांत घाईने बाहेर पडतो. तो टप्पा सेकंदाभरात ओलांडला पाहिजे. म्हणजे द्रवाचे काम एकच, उष्णता लवकर काढून घेणे. साध्या पाण्यात पात्याभोवती वाफेचे वेष्टण तयार होते आणि ते गोधडीसारखे आड येते. पाण्यात क्षार किंवा मीठ असेल तर हे वेष्टण लवकर फुटते आणि थंड होण्याचा वेग वाढतो. तेल पाण्यापेक्षा सावकाश थंड करते. जाड पात्याला ते पुरत नाही, पण बारीक पाते त्यात न तडकता टणक होते.

आता सुश्रुतसंहितेतला क्रम पुन्हा वाचा: हाडासाठी क्षार, मांसासाठी पाणी, शिरेसाठी तेल. हा थंड होण्याच्या उतरत्या वेगाचा क्रम आहे. यावरून प्राचीनांना मार्टेन्साइट ठाऊक होते असे म्हणणे खुळेपणाचे होईल. त्यांना कार्बनही ठाऊक नव्हता. पण त्यांना त्यांचे काम ठाऊक होते, आणि कामाची कसोटी लावल्यामुळे त्यांची निरीक्षणे योग्य क्रमात लागली. इच्छेची कसोटी लावली तिथे रक्त आणि तूप आले. आपल्या परंपरेत दोन्ही आहे. दोन्ही डोक्यावर घेणे किंवा दोन्ही फेकून देणे सोपे असते. निवड करणे कष्टाचे आहे, आणि ते कष्ट आपल्यालाच घ्यावे लागतात.

आमच्या दोन चुका

आमची कानस पिवळसर होईपर्यंत तापली, म्हणजे ती 'अ' पायरीच्या फार पुढे गेली. दाणे वाढले, ते मिठासारखे खडे म्हणजे चेर्नोवचा इशाराच होता. मंद लाल ते लाल यांच्यामध्ये थांबायला हवे होते. उन्हात हा रंग कळत नाही. लोहाराचे साळ अंधारे का असते, याचे हेही एक कारण आहे. नवशिक्याला चुंबकाची मदत घेता येते. लालभडक लोखंडाला चुंबक ओढत नाही हे विल्यम गिल्बर्टने 1600 साली लिहून ठेवले आहे. पाते चुंबकाला दाद देईनासे झाले की आणखी किंचित तापवून बुडवावे.

दुसरी चूक म्हणजे पाणी पाजून आम्ही थांबलो. टणक झालेले पाते लगेच घासून चकचकीत करून पुन्हा मंद तापवायचे असते. त्यामुळे अडकलेल्या कार्बनपैकी थोडा बाहेर पडतो, ताण उतरतो, टणकपणा थोडा जातो आणि त्या बदल्यात चिवटपणा येतो. तापताना पृष्ठभागावर ऑक्साइडचा पातळ थर चढतो आणि साबणाच्या फुग्यावर दिसावेत तसे रंग दिसतात. वाळल्या गवतासारखा पिवळा म्हणजे सुमारे 230 अंश, तपकिरी 255, जांभळा 275, निळा 300. वस्तऱ्याला फिका पिवळा, सुरीला पिवळा ते तपकिरी, स्प्रिंगला निळा. पोर्ताच्या काळापासून उष्णतामापकाशिवाय मिळणारे हे आकडे आहेत!

वर्गात करून बघण्यासाठी

यासाठी सुरीची गरज नाही. शिवणाच्या तीन जाड सुया, पकड, स्पिरिटचा दिवा, पाण्याचा पेला आणि बारीक पॉलिश पेपर एवढे पुरे. डोळ्यांवर चष्मा हवाच, कारण तुटलेला तुकडा उडतो. प्रयोग शिक्षकांनी स्वतः करावा.

पहिली सुई लाल तापवून ज्योतीतून अगदी सावकाश बाहेर काढा. ती वाकेल आणि वाकलेलीच राहील. दुसरी लाल होताच पाण्यात टाका. फडक्यात धरून वाकवा. ती काडकन तुटेल. तिसरीलाही पाणी पाजा, पॉलिश पेपरने हलक्या हाताने उजळवा आणि ज्योतीच्या बरीच वर धरून निळा रंग येईपर्यंत तापवा. आता ती वाकेल आणि सोडल्यावर पुन्हा सरळ होईल. मग बांधकामाच्या मऊ तारेचा तुकडा दुसऱ्या सुईसारखाच तापवून पाण्यात टाका. तो मऊच राहील, कारण त्यात कार्बन नगण्य असतो. बर्गमनचा गाळ इथे समजतो. साधे पाणी, मिठाचे पाणी आणि तेल घेऊन तुलनाही करता येईल; मात्र तेल थोडे आणि धातूच्या भांड्यात घ्या, झाकण हाताशी ठेवा, कारण ते पेट घेऊ शकते.

दुसरे काम वर्गाबाहेरचे. गावात अजून भाता चालू असेल तर मुलांना घेऊन जा. लोहारदादा कोणत्या रंगाला थांबतात, पाते सबंध बुडवतात की नुसती धार, पाण्यात काही घालतात का, बाहेर काढल्यावर कशाची वाट पाहतात, हे मुलांनी विचारावे आणि लिहून घ्यावे. उत्तरात काही विचित्र वाटले तर हसू नये आणि लगेच मानूही नये. शाळेत येऊन ती एक गोष्ट वगळून आणि ठेवून बघावी. गावोगावचे भाते थंड पडत आहेत. त्यांच्याबरोबर जे जाईल ते बहुधा कुठेच लिहिलेले नाही.

आमच्याकडे त्या सुरीचे दोन्ही तुकडे अजून आहेत. त्यांतल्या लांब तुकड्याला नंतर मंद लाल तापवून तेलात पाणी पाजले आणि गवती पिवळा रंग येईपर्यंत पुन्हा तापवले. त्याला मूठ बसवली आहे. पेन्सिली त्यानेच तासतो.